रुग्णाशी नातं

काउंटरवरच्या पेनाला दोरी होती आणि दोरी आखूड होती. फॉर्म भरायचा तर काचेला कपाळ टेकेल इतकं वाकावं लागत होतं, आणि ती तशी वाकली होती. पिवळसर कागद, वरपासून खालपर्यंत इंग्रजी. पहिल्या ओळीवर नाव, दुसरीवर वय, तिसरीवर तीनच अक्षरांचा एक शब्द आणि त्याच्यापुढं दोन रिकामे चौकोन. एम. एफ. बाकीचं इंग्रजी तिला अडखळत, बोट ठेवून वाचावं लागे. पण ही दोन अक्षरं तिच्या हातात बसलेली होती. एकतीस वर्षं तिनं आपल्या गावच्या सरकारी दवाखान्याच्या शिवणखोलीत काम केलं होतं. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे झगे शिवायचे आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं दोन अक्षरं काढायची. एम डब्ल्यू म्हणजे पुरुषांचा वॉर्ड, एफ डब्ल्यू म्हणजे बायकांचा. धुवायला गेलेली चादर चुकून दुसरीकडं जाऊ नये, एवढ्यासाठी. डोळे मिटूनही ती ही अक्षरं काढू शकली असती. आणि आज चौकोनात नुसती एक खूण करायची होती, तर हात चालत नव्हता.

"भरताय ना मावशी? मागं लाइन लागलीय," काचेपलीकडची बाई म्हणाली.

"काकू, थांबा जरा." बाजूला उभा असलेला मित्र म्हणाला. जाड चष्म्याचा, शर्टावर सुकलेल्या रक्ताचे डाग पडलेला हा मुलगा तिच्या पोराच्या, पिल्लूच्या खोलीत राहत होता आणि त्यानंच दुपारी तिला फोन केला होता. "त्याचं नवीन आधार कार्ड खोलीवर आहे. मी तासाभरात घेऊन येतो. ते आल्यावर भरू."

"तासभर पेशंट काय पॅसेजमध्ये ठेवायचा?" काउंटरवरची बाई म्हणाली. "मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशनला घ्यायचंय. कुठलंही एक कार्ड द्या आणि सही करा."

कार्ड तिच्या पर्समध्ये होतं. आतल्या कप्प्यात, चेनच्या मागं, आठ वर्षं. जुनं कार्ड, त्यावर जुनं नाव आणि दोन खांद्यांवर दोन वेण्या असलेला फोटो. ते तिनं का जपून ठेवलं होतं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. "आहे माझ्याकडं," ती म्हणाली. मित्र तिच्याकडं बघतच राहिला. बाईनं कार्ड घेतलं, उलटंपालटं केलं. "मुलगी ना?" ती "हं" म्हणाली. खरं तर "हं"सुद्धा नाही, नुसती मान. आणि मग एफच्या चौकोनात खूण केली. कुणी तिचा हात धरला नव्हता. तासभर थांबता आलं असतं का, हे तिनं डॉक्टरांना विचारलंही नव्हतं. पुढं अजून एक ओळ होती, रुग्णाशी नातं काय म्हणून विचारणारी. तिथं मात्र तिनं झरझर लिहिलं, मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत: मदर.

ऑपरेशन चालू होतं तेव्हा ती भिंतीला लागून असलेल्या लोखंडी बाकावर बसून होती. मित्र लांब, दुसऱ्या टोकाला बसला होता. मध्ये चार माणसं मावतील एवढी जागा. दुपारी त्याचा फोन आला तेव्हा ती पालेभाजी निवडत होती. "काकू, त्याला लागलंय," असं तो म्हणाला आणि ती म्हणाली, "कुणाला?" खरंच म्हणाली. क्षणभर तिला खरंच कळलं नाही की या आवाजातला 'तो' म्हणजे आपल्या पोटातून आलेलं माणूस. लिफ्ट दुरुस्त करताना पाय घसरला, एक मजला खाली, खड्ड्यात. पलीकडून तो सगळं सांगत होता आणि तिच्या डोक्यात मात्र तो एकच शब्द खडा लागल्यासारखा टोचत राहिला. पाच तासांच्या बसप्रवासात तिनं देवाची करुणा भाकली ती 'माझं पिल्लू' म्हणून. पिल्लू हा शब्द बरा होता. घरातलं लाडाचं नाव, आणि मराठीनं त्याला ना बाई केलं होतं ना बुवा. ते पिल्लू. ते पडलं. ते वाचू दे. देवाला एवढं पुरलं असणार.

शाळेत नाव घालायला गेली होती तेव्हाही असाच फॉर्म होता. पिल्लू सहा वर्षांचं, नुकती अक्षरं जुळवायला लागलेलं, टेबलाला हनुवटी टेकवून उभं. "आई, एफ म्हणजे काय?" "एफ म्हणजे तू." "आणि तू?" "मीपण एफ." "म्हणजे आपण दोघी एकच?" "एकच." कारकून हसला होता. ती घरी येताना वाटभर मनातल्या मनात हे घोळवत आली होती. दोघी एकच. शिवणखोलीतल्या बायकांना तिनं दुसऱ्या दिवशी हे सांगितलं, तेव्हा काज करणारी म्हातारी म्हणाली, "लेक असावी तर अशी. म्हातारपणी तुझ्या जवळ बसून दोरा ओवून देईल बघ." त्या खोलीत अकरा बायका होत्या आणि सगळं आयुष्य तिथं बायकांच्याच बोलण्यात गेलं. एकदा वरून माणसांची माहिती मागवणारे फॉर्म आले, आणि काजवालीनं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून भाबडेपणानं विचारलं, "अगं, सेक्स म्हणून विचारलंय इथं. काय लिहू?" मशीनवरची म्हणाली, "लिही, वेळ मिळत नाही." सगळ्या पोट धरधरून हसल्या होत्या. तीही हसली होती. तेव्हा त्या ओळीवर हसता यायचं.

एकोणीस वर्षांचं असताना पिल्लूनं सांगितलं. दिवसा, सकाळी, नळाला पाणी आलेलं असताना. आधी केस कापून आलं होतं, ते तिनं गिळलं होतं. शर्ट घालत होतं, तेही. पण त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, चौकटीचा रंग नखानं खरवडत ते म्हणालं की मी मुलगी नाही, कधीच नव्हते, आणि मग 'नव्हते' वर थांबून, डोळे घट्ट मिटून म्हणालं, "नव्हतो." ती बादली भरत होती. बादली भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. आत खाटेवर बसलेला नवरा उठून आला, त्यानं नळ बंद केला. नवरा पाण्याचे मीटर वाचणारा. आयुष्यभर लोकांच्या अंगणात वाकून आकडे उतरवले. तो थोडा वेळ पिल्लूकडं बघत राहिला आणि म्हणाला, "बरं. बस आधी. चहा घे." बस्स, एवढंच. महिन्याभरात त्याच्या तोंडी 'तो' रुळला. कसा रुळला ते तिला कधीच समजलं नाही. रात्री तिनं विचारलं तर म्हणाला, "मीटर दाखवेल तो आकडा लिहायचा असतो. आपल्याला बरा वाटतो तो नाही." तिला त्याचा राग आला. इतकं सोपं कसं? हिशेबातून एक पोर गेली आणि हा माणूस नवीन आकडा लिहून मोकळा. कारण तिच्या लेखी कुणीतरी गेलं होतं. जिचे केस ती आठवड्याला धुवायची, जी आरशात बघून दातांच्या फटीतून शिट्टी वाजवायची, ती कुठं गेली? मेली म्हणावं तर प्रेत नाही. हरवली म्हणावं तर तिचेच डोळे, तिचीच तीळ असलेली मान घेऊन हे समोर बसून चहा पितंय. रडायचं तर कुणाच्या नावानं रडायचं? शेजारी विचारणार, काय झालं, आणि सांगायला काहीच झालेलं नाही.

नवरा गेल्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर घरात तो शब्द उच्चारणारं कुणी उरलं नाही. पिल्लू या शहरात कामाला आलं आणि दर रविवारी फोन करायचं. "जेवण झालं?" "झालं." "झोप लागते ना?" "लागते." "काम कसं चाललंय?" "चाललंय." ती फार जपून बोलायची. जेवलीस म्हणायचं नाही, जेवलास म्हणवत नाही. मग जेवण झालं. आलीस, गेलास, दमलीस, दमलास, यांतला एकही शब्द तिनं आठ वर्षांत पिल्लूला उद्देशून वापरला नव्हता. खड्डे चुकवत चालणाऱ्या माणसासारखं तिचं बोलणं झालं होतं. त्यात तिला आपली हुशारी वाटायची. कुणाचं मनही दुखवलं नाही आणि आपणही हरलो नाही. शिवायच्या कामातही ती अशीच होती. जोड कुठं दिलाय ते दिसू द्यायचं नाही.

ऑपरेशन झालं, प्लेट बसवली, आणि पिल्लूला बायकांच्या वॉर्डात आणून टाकलं. टाकलंच. सोळा खाटा, खिडकीकडून तिसरी. सकाळी ती शेजारच्या स्टुलावर बसून होती आणि पिल्लूला हळूहळू शुद्ध येत होती. वर्षभरात तिनं त्याला नीट पाहिलं नव्हतं. हनुवटीवर दाढीचे विरळ, राठ केस आले होते. हात तेलकट कामानं घट्ट, रुंद झाले होते. उशीवरचा तो चेहरा नवऱ्याच्या तरुणपणीच्या फोटोसारखा दिसत होता, आणि याचं तिला भय वाटलं. समोरच्या खाटेवरच्या म्हातारीनं पदर डोक्यावर ओढून घेतला. पलीकडची एक बाळंतीण पाठ फिरवून बसली. मग कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "सिस्टर, हा पुरुष इथं कसा काय ठेवलाय?" पिल्लूचे डोळे उघडले. त्यानं छताकडं पाहिलं, मग डावीकडं, मग उजवीकडं. ओढलेले पदर पाहिले. सिस्टर तरातरा आली, पायाशी लटकवलेली फाइल उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फाइलवर फिमेल आहे बाई. मी काय करू? घरच्यांनीच लिहून दिलंय." आणि मग जुनं नाव वाचलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट. आठ वर्षांनी ते नाव सोळा खाटांच्या त्या खोलीत असं फिरलं की कोपऱ्यातल्या म्हातारीनंही मान उंचावून पाहिलं. ते ऐकायला तिचे कान आठ वर्षं आसुसलेले होते. आणि आता ऐकताना तिला वाटलं, कुणीतरी पिल्लूच्या अंगावरची चादर सगळ्यांसमोर ओढून काढली.

सिस्टर गेल्यावर पिल्लूनं विचारलं, "फॉर्म कुणी भरला?"

"त्या काउंटरवरच्या बाईनं," ती म्हणाली. "माझ्या हातात कुठं दिला तिनं. घाई होती."

पिल्लूनं तोंड भिंतीकडं केलं. भिंत जवळ नव्हतीच, पलीकडं अजून दोन खाटा होत्या, पण त्यानं डोळे मिटून घेतले म्हणजे ती भिंतच झाली.

त्या दिवशी त्यानं काही खाल्लं नाही. पाणीसुद्धा नाही. वॉर्डातल्या मावशी लघवीचं भांडं घेऊन आल्या आणि "चला ताई, लाजायचं नाही," म्हणाल्या, तर त्यानं चादर गळ्यापर्यंत धरून ठेवली, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत. पाणी का पीत नाही ते तिला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी ताप चढला. दुपारी मित्र आला. ती गरम पाणी आणायला बाहेर गेली होती, परत येताना पडद्याआडून तिला पिल्लूचा आवाज ऐकू आला. जाड, घोगरा, भरभर बोलणारा. "अरे, मी पाय ठेवला आणि पुढं बघतो तर खाली काहीच नाही. ओरडलोसुद्धा नाही. पडल्यावर पहिल्यांदा काय आठवलं असेल? म्हटलं, पाना वर राहिला." दोघं हसले. हसताना तो कण्हला. ती थर्मास धरून उभी राहिली. बघतो, ओरडलो. एवढं मोकळं बोलताना तिनं पिल्लूला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मग ती पडदा सारून आत गेली आणि पिल्लू गप्प झालं. "दुखतंय का?" "दुखतंय थोडं." "पाणी?" "नको." आणि थर्मासचं झाकण फिरवता फिरवता तिच्या लक्षात आलं आणि हात तिथंच थांबला. तेही जपून बोलत होतं. खड्डे तेही चुकवत होतं. आठ वर्षं दर रविवारी, झालं, लागते, चाललंय. तिला बरं वाटावं म्हणून तिच्या पोरानं आपल्या बोलण्यातून स्वतःला उचलून बाजूला ठेवलं होतं. तिला वाटत होतं, जपणारी ती एकटीच.

"मला इथून ने," पिल्लू मित्राला म्हणालं, ती तिथं नाहीच असं. "ओढत ने, पण ने. जबाबदारीवर सही करून देतो."

"डॉक्टर म्हणाले आठ दिवस हलायचं नाही," मित्र म्हणाला.

"मग मरतो इथंच."

जबाबदारीवर सही करून गेलेली माणसं तिनं पाहिली होती. दवाखान्यात एकतीस वर्षं काढली म्हणजे नुसत्या चादरी पाहिल्या असं होत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तीच माणसं परत येत, पाय काळा पडलेला, नाहीतर चादरीत गुंडाळूनच. ती उठली. मित्राला पडद्याबाहेर बोलावलं. "ते नवीन कार्ड आणलंय?" त्यानं खिशातून काढलं, तो दोन दिवस ते खिशात घेऊन फिरत होता. कार्डावर दाढीचा विरळ चेहरा, नवीन नाव, आणि एम. तिनं ते नाव वाचलं. नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं, छापलेलं पाहिलं नव्हतं. मधलं नाव तेच होतं, वडिलांचं. आडनावही. बदललं होतं ते एवढंच, पहिलं.

काउंटरवर तीच बाई होती. "दुरुस्तीचा वेगळा फॉर्म असतो," ती म्हणाली आणि अर्ध्या पानाचा कागद काढला. जुन्या नोंदीत काय, नवीन काय, कारण काय. पहिल्या दोन रकान्यांत बाईनं कार्ड बघून लिहिलं. कारणावर थांबली. "चूक कुणाची लिहू? कारण लिहिल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जात नाही. आणि आमची लिहायची असेल तर मला वर जाऊन उत्तरं द्यावी लागतील, आधीच सांगते."

मित्र मागं उभा होता. काचेत त्याचा चष्मा दिसत होता. तिला वाटलं होतं तेवढं हे अवघड नव्हतं. ते वेगळ्याच तऱ्हेनं अवघड होतं, डॉक्टरसमोर तोंड उघडून दात दाखवताना असतं तसं. "माझी," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्हाला इंग्रजी वाचता आलं नाही, असं?"

बाई तिला वाट काढून देत होती. चांगल्या मनानं. एका शब्दात सुटका होती. अडाणी बाईला कोण काय म्हणणार? पिल्लूलाही पटलं असतं कदाचित.

"येतं मला. मला माहीत होतं, आणि तरी मी तसं लिहिलं. मी आई आहे त्याची."

बाईनं पेन उचललेलं तसंच धरलं. तिच्याकडं पाहिलं, मग रकान्याकडं. "एवढी जागा नाहीये इथं," ती म्हणाली. आणि बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं, शिक्का मारला, कागद फाइलसाठी फाडून दिला. तिनं तो बोट ठेवून वाचला. आईने चुकीचे भरले. इंग्रजीत ते फार लहान दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातले मामा स्ट्रेचर घेऊन आले. "चला साहेब, बदली झाली तुमची," ते म्हणाले. पिल्लूनं आधी मामांकडं, मग मित्राकडं पाहिलं. तिघांनी मिळून त्याला उचललं. तिनं फक्त चादरीचा कोपरा धरला होता. मामांनी सवयीनं फाइल पेशंटच्या पोटावर ठेवली. सगळ्यात वर तो अर्ध्या पानाचा कागद. पॅसेज लांब होता, चाकं एका बाजूला ओढत होती, आणि ती बाजूनं चालताना बघत होती. त्यानं कागद उचलला, वाचला. परत वाचला. ती वाट पाहत होती. शिवी देईल, रडेल, तोंड फिरवेल. त्यानं कागद घडी न करता पोटावर परत ठेवला आणि वर, मागं जाणाऱ्या दिव्यांकडं बघत राहिला.

"चार्जर राहिलाय तिकडं," मग तो म्हणाला. "खाटेच्या मागं, प्लगमध्ये."

"आणते," ती म्हणाली आणि जवळजवळ धावली. खाटेवर दुसरी बाई झोपवलेली होती. तिनं गुडघे टेकून, खाटेमागं हात घालून चार्जर काढला, वायर नीट गुंडाळली आणि पॅसेज ओलांडून दुसऱ्या बाजूच्या दोन झडपांच्या दारापाशी आली. स्ट्रेचर आत गेलं होतं. दाराशी खुर्चीवर रखवालदार बसला होता. त्यानं न उठताच हात आडवा केला.

"बाई, आत नाही. पुरुषांचा वॉर्ड आहे. बायकांना चार ते सहा."

"चार्जर द्यायचाय."

"माझ्याकडं द्या."

तिनं दिला. त्यानं तो आतल्या कुणाच्या तरी हातात ठेवला आणि परत बसला. ती तिथंच उभी राहिली. दाराच्या गोल काचेतून खाटांची एक रांग आणि एका खाटेच्या टोकाशी बँडेज बांधलेला पाय दिसत होता. तो त्याचा होता की दुसऱ्या कुणाचा, हे इथून ओळखू येत नव्हतं.

"माझा मुलगा आहे आत," ती म्हणाली.

बोलून झाल्यावर ती थांबली. कशासाठी थांबली तिलाच ठाऊक नाही. आठ वर्षं घशात अडकवून ठेवलेलं काहीतरी, तिला वाटलं होतं, बाहेर पडताना सगळं फाडत येईल. रखवालदारानं जांभई दिली.

"आत सगळे कुणाचे ना कुणाचे मुलगेच आहेत, मावशी," तो म्हणाला. "चारला या."

ती बाकावर जाऊन बसली. सव्वाअकरा वाजत होते. समोरून माणसं येत-जात होती, दार उघडत होतं, मिटत होतं, आणि दर वेळी आतलं थोडंसं दिसायचं, कधी सलाइनची बाटली, कधी कुणाचा तरी उघडा दंड. चार वाजता ती आत जाणार होती. तो तिच्याशी बोलेल का, हे तिला माहीत नव्हतं. आणि बोलला तर कुठल्या मराठीत बोलेल, तेही नाही.